आबांनी पाऊल महाग केलं

सुतारकाम सोडून आबांना वर्ष झालं होतं, पण हात काही ऐकायला तयार नव्हते. एकट्याच्या घरात ठोकण्यासारखं होतं ते सगळं ठोकून झालं, तेव्हा त्यांनी मोर्चा लेकीकडे वळवला. रोज सकाळी सातला पिशवीत पेचकस आणि रंधा घेऊन हजर. जावई अजून दात घासतोय आणि सासरे न्हाणीघराच्या दाराची बिजागरी तपासतायत. बिचारा तोंडात फेस घेऊनच नमस्कार करायचा.

बुधवारी संध्याकाळी आबा बायबलच्या वर्गाला जात. तिथल्या बाईंना हिब्रूचा भारी नाद. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : याकार.

"म्हणजे मोलाचा," बाई म्हणाल्या. "रत्नं याकार, तसे मंदिराच्या पायाभरणीत घातलेले मोठमोठे चिरेही याकार. आणि जे क्वचित मिळतं तेही याकारच. म्हणून शहाण्याने सांगून ठेवलंय, शेजाऱ्याच्या घरी आपलं पाऊल याकार कर. सारखा गेलास तर तो विटेल आणि तुझा राग राग करील."

बाकीचे माना डोलावत होते. आबांचे मात्र कान गरम झाले. तो फेसाळ नमस्कार डोळ्यांपुढे आला. लेकीलाही आपण नकोसे झालो की काय? पण आबा म्हणजे एकदा रेघ मारली की तिथेच कापणार. दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद!

लेकीने फोन केला, तर "काही मोडलंय का?" एवढंच विचारलं, आणि ती नाही म्हणताच फोन ठेवून दिला. मग चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला न शोभणारा उद्योग केला. घरचं टेबल किंचित डुगडुगत होतं, म्हणून एकेक पाय कापत गेले. डुगडुगणं थांबलं तेव्हा टेबल गुडघ्याखाली आलं होतं.

नवव्या दिवशी राहवेना. लांबूनच बघून येऊ म्हणून गेले, तर दार सताड उघडं. आत जावई खुर्चीवर चढून चांगल्याभल्या कपाटाचे स्क्रू काढतोय आणि खालून लेक सांगतेय, "अजून एक काढ. एवढ्याशाने नाही यायचे ते."

"अरे, मी बसवलंय ते कपाट!" आबा ओरडले.

जावई पडता पडता वाचला. "काही मोडल्याशिवाय तुम्ही येतच नाही म्हटल्यावर काय करायचं?"

"होतात कुठे आठ दिवस?" लेकीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

आबांनी खाली मान घालून तो हिब्रू शब्द, ते पाऊल, तो राग राग, सगळं सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर लेक जवळ आली.

"शेजाऱ्याच्या घरी म्हणाल्या ना बाई? मग मी तुमची शेजारीण कधीपासून झाले, आबा?"

आबांनी डोळे पुसले, आणि जावयाने पेचकस त्यांच्या हातात दिला.