पाषाणावरच्या दोन पाकळ्या

मी तिसरीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं चिरेखाणीत. तेव्हा लिहिण्यात चुका असतील. पण घडलं ते असंच, त्यात कोणी फेरफार करायला आलं तर मी ऐकणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धाकटा भाऊ मुंबईला कंपनीत होता. त्याच्या अंगावर आपोआप काळेनिळे डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रक्ताच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सांगितलं, याच्या हाडातल्या मगजाने रक्त करणं सोडलंय, सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर घालता येईल. तो उपाय आपल्याकडे तेव्हा नुकता सुरू झालेला. बहिणीचा जुळला नाही, माझा जुळला.

बाई किरकोळ अंगाच्या, बोलणं हळू. म्हणाल्या, "दादा, तुमच्या कमरेच्या हाडातून सुईने काढू आणि त्याच्या शिरेत सोडू."

"शिरेत? मग हाडात कसा जाणार?"

"जातो. वाट त्याची तो शोधतो. कशी, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

मी सही केली.

आधी काही दिवस औषध देऊन भावाच्या हाडातलं उरलंसुरलं मारून टाकायचं होतं, नवीन रुजावं म्हणून. पहिली बाटली लागलेली मी डोळ्यांनी बघितली. मग बाईंना म्हटलं, आयेला तोंड दाखवून येतो.

"बुधवारी सकाळी इथे हवेत," बाई म्हणाल्या. "सुरू केल्यावर मागे फिरता येत नाही. तुम्ही आला नाहीत, तर तो राहणार नाही."

मी शब्द दिला.

आमचं गाव मिरजोळ्याच्या पलीकडे, मुंबईहून एसटीने रात्रभराच्या वाटेवर. सोमवारी घरी पोचलो तर भावकी अंगणात जमलेली. चुलत्याने पहिलंच विचारलं, "देवाला इचारलंस, की डागदरला इचारून मोकळा झालास?"

आमचं घर देवळातल्या मानकऱ्याचं. देवाला न विचारता सही करून आलो, हे चारचौघांत सांगायला जीभ वळली नाही. म्हटलं, "अजून ठरलंय कुठे? इचारूनच जाणार."

मंगळवारी सकाळी देवळात गुरवाने कौल घ्यायला देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या लावल्या, उजवीकडे एक, डावीकडे एक. गाऱ्हाणं घातलं, की हा आपल्या हाडातलं भावाला देऊ बघतो, द्यायचं असेल तर उजवी दे. डावी पडली. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी, कोणी बोटाने उडवावी तशी.

"आता तरी ऐक," चुलता म्हणाला. "एक जातोय, दुसरा तरी राहू दे घराला."

त्या दुपारची एसटी मी सोडली. आये चुलीपुढे बसून होती. मला जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही.

बुधवारी सकाळी पोस्टमन सायकलवरून बोलवायला आला. पोस्टात मुंबईचा ट्रंक कॉल, डॉक्टरीणबाईंचा. खरखरीतून आवाज येत होता, जणू विहिरीच्या तळातून. मी कौलाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत.

"देवाला काय विचारलंत?"

"द्यावं की नको."

"औषध सुरू झालंय, हे सांगितलंत त्याला?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"भाऊ काचेच्या खोलीत आहे. अंगात फिरतंय ते रक्त लोकांनी दिलेलं. त्याचं स्वतःचं आता काही नाही, दादा. रिकामा आहे तो. उद्या सकाळपर्यंत थांबता येईल, पुढे नाही."

तसाच देवळात गेलो. भावकीला, आयेला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मी खोटं बोललो. सही करून आलोय. भावाच्या हाडातलं मारून टाकलंय, आता माझं नाही मिळालं तर तो मेला." चुलत्याने तोंड फिरवलं. गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या.

पडल्या नाहीत. एरवी पाच मिनिटांत एक तरी सुटते. तास झाला, दोन तास झाले. समईची ज्योत हलत नव्हती. बाहेर एक कावळा नाही. पाकळ्या सुकल्या, त्यांच्या कडा वळल्या, तरी पाषाणाला चिकटूनच. सुकलेली पाकळी धरून राहते कशाला? गुरव हळूच मागे सरकत भिंतीला टेकला.

चारची एसटी होती. मी उठलो.

"कौल अर्धा टाकून जाऊ नये," गुरव म्हणाला.

"तू जा," आये म्हणाली. "मी बसतंय."

गुरुवारी सकाळी बाईंनी मला तडक आत घेतलं. जागा झालो तेव्हा कमरेत पहार मारल्यासारखं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी काचेतून भाऊ दिसला, केस गेलेला, भुवया गेलेल्या. क्षणभर मला ओळखू आला नाही. पुढे दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज सकाळी बाई कागद बघायच्या आणि नाही म्हणून मान हलवायच्या. मग एका सकाळी म्हणाल्या, "रुजलं. आता त्याच्या अंगात होतंय ते रक्त तुमचं."

काही महिन्यांनी भाऊ घरी आला. नवे केस कुरळे आले होते, आमच्यात कोणाचेच नाहीत तसे. तो अंगणात उन्हात बसला होता आणि आये ओटीवर तांदूळ निवडत होती. तेव्हा मी तिला विचारलं, मी गेल्यावर कुठली पाकळी पडली.

"पडू दिली नाय," ती म्हणाली. "गुरव पाणी आणायला गेला, तवा दोन्ही मीच काढल्या हातानं."

"का?"

"एक सुटायला लागली व्हती."

कुठली, ते तिने सांगितलं नाही. अंगणात भाऊ खोकला, आणि तिचा हात सुपात थांबला.