निरंक

"मला भीती वाटते हं, आधीच सांगून ठेवतो," असं म्हणत काका माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि ऑफिस येईपर्यंत डोळे मिटून घ्यायचे. उज्जैनच्या आमच्या पाणी तपासणीच्या ऑफिसात ते सगळ्यांचेच काका. पालीला भ्यायचे, साहेबांना भ्यायचे, फोनची घंटी वाजली तरी दचकायचे. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. आम्ही तर पोट धरून हसायचो.

त्या उन्हाळ्यात एक बंद पडलेली तांब्याची खाण सिमेंटची भिंत घालून बुजवायचं ठरलं. तिच्यातून झिरपणारं हिरवट पाणी गावच्या नाल्यात जायचं. म्हशी दगावत होत्या. तेव्हा नवे ठेके, नवे ठेकेदार, सगळ्यांनाच घाई.

तपासणीचा फॉर्म मी भरला होता. 'आत वन्यजीव' या रकान्यात 'निरंक', म्हणजे काही नाही. दरसाल जुन्या कागदावरून हेच उतरवायचं. आत कोण मरायला जातंय! खाली माझी सही, मलाही न वाचता येणारी.

भिंतीच्या दिवशी काका आणि मी गेलो. बोगद्याच्या तोंडाशी ते थबकले. "वटवाघळांचा वास येतोय गं."

"काका, नका ना जाऊ."

एकदा डोळे मिटले, टॉर्च लावला आणि गेले. मी बाहेरच थांबले. काकांचं काय होईल आणि माझ्या 'निरंक'चं काय होईल! खोटं कशाला बोलू, दुसरी भीती मोठी होती.

ते बाहेर आले ते पांढरेफटक पडून. "पिल्लं आहेत. आयांना चिकटलेली. उडता येत नाही अजून."

गावातली एक बाई भडकली. "चमगादड़ बचाओगे, साब? और हमारे ढोर?"

"पानी का काम आज ही होगा, बहन। बस दीवार नहीं, जाली लगेगी," काका म्हणाले.

काकांनी भिंतीचं काम थांबवलं. बाहेर झिरपणारं पाणी शुद्ध करायला चुन्याचा हौद झाला, बोगद्याच्या तोंडाला वटवाघळं उडून जातील असे लोखंडी गज बसले. पाणी सुधारलं, वटवाघळंही राहिली.

मग साहेबांनी बोलावलं. "बिना देखे निरंक किसने लिखा? ये किसके दस्तखत हैं?"

मी फॉर्मवरच्या सहीकडे बघत राहिले. नोकरी कच्ची, घरात कमावणारी मी एकटी.

"मेरे हैं, सर," काका म्हणाले. माझं अक्षर ते रोज बघायचे.

त्यांची लांब बदली झाली. देवास गेटच्या बस स्टँडवर मी पोचवायला गेले. खिडकीतून म्हणाले, "डबा वेळेवर खात जा."

बस हलली. मी नुसता हात हलवला. साहेबांकडे जाऊन खरं सांगायला अजून वेळ होता.

दिवाळीच्या आधी माझी नोकरी पक्की झाली.