कोंबड्यांना वार कळतात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवाला सांगावं, तर त्याच्याच नावाखाली केलेली गोष्ट — त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

माझा स्वभाव थट्टेखोर. पासष्टी ओलांडली तरी गेलेला नाही. आणि थट्टा करायला माझ्याच सोळाव्या वर्षाइतकं चांगलं गिऱ्हाईक दुसरं नाही. पळसदरीला माहेरी मी चांगली गोल गरगरीत होते. खालापूरहून मला बघायला आलेल्यांपैकी एक बाई दारातच म्हणाली, "पोरगी बरी हाय, पन जरा सुटलीय." झालं! बाईसाहेबांनी उपास धरले. सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. लोकांना वाटलं, काय ही भक्ती! शंकराशी माझं काय काम? मला कंबर हवी होती.

उपासाची गंमत ठाऊक आहे ना? न जेवणाऱ्या पोरीला आई ओरडते. उपास करणाऱ्या पोरीचं शेजारणीपाशी कौतुक करते. फराळाचं ताट — वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी — मी मागच्या दारी नेऊन कोंबड्यांपुढे ओतायचे. कोंबड्या फुगल्या, मी वाळले.

हीच गोष्ट गेल्या पावसाळ्यात मी नातीला सांगितली. सायली अकरावीत आहे. त्या खालापूरच्या बाईची नक्कलसुद्धा करून दाखवली. पोर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "आजी, तू कसली डँबिस होतीस गं!"

मी खूश. आणि गोष्ट तिथेच थांबवली.

पुढे काय होतं? — पुढे शकू होती. माझी धाकटी बहीण, चौदा वर्षांची. मी करीन ते तिला करायचं असे. तीही माझ्यामागून ताट घेऊन मागच्या दारी येऊ लागली. एका सोमवारी दाराची चौकट धरून म्हणाली, "ताई, डोळ्यांम्होरं अंधारी येतेय गं. आईला सांगू?"

"सांगू नको," मी म्हटलं. "तुझ्यापायी माझंबी उघडं पडंल."

त्याच श्रावणात विहिरीवरून हंडा आणताना ती कोसळली. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पोटात काही आहे का हिच्या? आई माझ्याकडे बघत होती. मी — मी म्हटलं, "हो. माझ्यासमोर फराळ केला. पोटभर."

तिसऱ्या दिवशी शकू गेली. देवाची लाडकी, देवानं नेली, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. पन्नास वर्षं म्हणत आले.

खरं बोलले असते तर ती वाचली असती? माहीत नाही. आणि माहीत नसणं मला फार सोयीचं पडलं.

आता सायलीनं सोमवार धरलाय. मग गुरुवार आला. मग शनिवार. सून ऑफिसात सगळ्यांना सांगते, आजकालच्या पोरींत असं कुठं बघायला मिळतं! न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका अडकलेला असतो. तो मी सुनेच्या आधी उचलून टाकते. पोरीच्या हातातली बांगडी आता कोपरापर्यंत वर सरकते.

कोंबड्या इथंही पाळल्यात मी. एका सोमवारी ती ताट घेऊन मागच्या दाराशी थबकली. मी बघतेय हे तिला दिसलं. तिनं चौकट धरली — अगदी तश्शीच. "आजी, आईला सांगू नको हं."

सांगायचं म्हणजे शकूपासून सांगावं लागणार. मग मुलगा माझ्याकडे बघेल. सून बघेल. डॉक्टरांपुढे आई बघत होती तसं.

"नाय सांगत गं," मी म्हटलं.

त्याला तीन सोमवार झाले. आज चौथा. सून कामावरून यायला अजून वेळ आहे, सायलीचं ताट अजून वाढलेलंही नाही — आणि कोंबड्या मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आहेत.