अक्का आणि जाळीचा टोप

अक्कांना बसता येत नसे. पायाला काही झालं होतं असं नाही, स्वभावच तसा. बोलताना उभ्या, जेवताना उभ्या, चहाची बशी हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. नांदेडला बांगड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांचं पार्लर होतं. तिथं गेलं की थोड्या वेळात आपल्यालाच दम लागायचा. फक्त एका कामाला त्या बसत. डोक्याला चिकटवलेला केसांचा जाळीचा टोप काढायचा असला की स्टूल ओढून आपल्या मागे बसायच्या, आणि मग बाहेर काहीही होवो, हलायच्या नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली ती दुष्काळात. मी लातूरला शाळेत शिकवत होते, घरात लग्नाचं बघणं चालू होतं, आणि नेमके तेव्हाच माझे केस चकत्या चकत्यांनी जायला लागले. पावसाळा कोरडा गेला तोवर डोकं पार मोकळं झालं. डॉक्टर म्हणाले, येतीलही, नाहीही. आईनं माहूरच्या देवीला नवस बोलला आणि मामीनं कुठून तरी अक्कांचा पत्ता आणला. अक्का आधी पावल्या.

त्यांनी बसवलेला पहिला टोप मी घरी स्वतःच ओढून काढला. जाळीची कड फाटली आणि कपाळाची सालही निघाली. ते घेऊन मी रडत नांदेडला गेले. अक्कांनी आधी जाळी बघितली, मग माझं कपाळ.

"पोरी, तू काय भुईमूग उपटायलीस का?" त्या म्हणाल्या. "ओढायचं न्हाई. गोंदाला टाइम दे. त्यो आपलं आपण सोडतोय."

आणि त्यांनी ते करून दाखवलं. कापसाच्या बोळ्यानं कडेकडेनं गोंद सुटायचं औषध लावायचं, थांबायचं, पुन्हा लावायचं. बोटाच्या पेरानं कड उचलून बघायची. कातडी जरा जरी ताणली तरी हात मागे. औषध संपलं तर साधं खोबरेल तेलही चालतं, वेळ तेवढा जास्त लागतो. टोप सुटला की पंच्यावर उलटा ठेवून जाळीतला गोंद पुसून घ्यायचा, नखानं खरवडायचा नाही. मग शांपूच्या पाण्यात बुडवून केसांच्या दिशेनंच हात फिरवायचा. चोळलं की जाळीला बांधलेल्या केसांच्या गाठी सुटतात आणि केस गळतात. "तुझं गेलं ते गेलं. हितलं तरी राहू दे," असं त्या अगदी सहज म्हणत. मला राग यायचा. दुसरं कुणीच माझ्याशी इतकं सरळ बोलत नव्हतं, हे कळायला वेळ लागला.

अक्का मूळच्या उदगीरच्या. उदगीर जिल्हा होणार, या एका बातमीवर त्या वर्षानुवर्षं एक पाय उचलून उभ्या होत्या. झेंडावंदनाचा दिवस जवळ आला की सामान बांधायच्या गोष्टी सुरू. "आता कलेक्टर हापिस होतंय, मोठमोठ्या बायका येतेत. माझं दुकान तिकडंच." घोषणा व्हायची नाही आणि त्या पुन्हा येरझाऱ्या घालायच्या. त्या वर्षी टँकरचीही वाट बघावी लागायची. "पाणी अन् जिल्हा, दोन्ही उद्याच येतेत," म्हणायच्या आणि टोप धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायला घ्यायच्या.

माझं लग्न ठरलं तेव्हा अक्कांनी एकच अट घातली. "आधी त्या पोराला सांग. मग मी नवा टोप बसवते. न्हाईतर दुसरीकडं जा." मला तीन-चार रात्री झोप लागली नाही. शेवटी प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आपल्या आईला मात्र त्यानं सांगितलं नव्हतं, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं.

लग्न आमच्या गावी, चाकूरजवळ. नवा टोप बसवायला अक्का तिथं आल्या होत्या. हळदीनंतर टोप चिकटवू, असं अक्का परोपरीनं सांगत होत्या. मीच ऐकलं नाही. उघड्या डोक्यानं चारचौघींत बसायची माझी तयारी नव्हती. उष्टी हळद घेऊन सासूबाई स्वतः आल्या. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. त्यांनी हौसेनं माझ्या डोक्यावर ओंजळभर तेल घातलं. एरवी लगेच न्हाऊ घातलं असतं, पण टँकर आला नव्हता. अंगणात बायका गाणी म्हणत होत्या, मी पाटावर बसून होते आणि तेल जाळीखाली उतरत होतं. कपाळापाशी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मी उठले आणि मागच्या खोलीत पळाले.

खोलीत मी टोपाला हात घातला तोच अक्कांनी मनगट धरलं. "सोड. तेलानं निम्मं काम केलंय, निम्मं मी करते." बाहेर मला हाका मारत होते, मुहूर्त जवळ येत होता, आणि ही बाई खाली मांडी घालून पेर-पेरभर कड सोडवत होती. टोप त्यांच्या हातात आला, तेव्हाच दार ढकलून सासूबाई आत आल्या.

अक्कांनी माझं डोकं झाकलं नाही. मी पदर शोधत होते, तर तो त्यांनी गुडघ्याखाली दाबून धरला होता.

"या विहीणबाई," त्या म्हणाल्या. "हिचा टोप धुवायचाय अन् घरात पाणी न्हाई."

सासूबाई बघत राहिल्या. मग वळून निघून गेल्या. संपलं, असं मला वाटलं. अक्कांनाही वाटलं असावं, कारण जाळीतला गोंद पुसणारा त्यांचा हात पहिल्यांदाच थांबला.

सासूबाई परत आल्या त्या कमरेवर पाण्याचा जार घेऊन. "आमच्या वऱ्हाडाला प्यायचं हाय," त्या दरडावून म्हणाल्या. "किती लागतंय?"

"दोन तांबे बास."

"प्रकाशनं मला सांगायला पायजे हुतं. त्याला बघते मी." मग माझ्याकडे वळल्या. "अन् हळद समदी त्या टोपालाच लागली की. हिला कुठं लागली?" वाटीतली उरलेली हळद त्यांनी माझ्या उघड्या डोक्याला लावली. हात खरबरीत होता आणि त्या रागावलेल्याच होत्या. मी मोठ्यानं रडले. अक्का तोवर दारातल्या उन्हात पंच्यावर टोप पसरून उभ्या होत्या आणि त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. मुहूर्त थोडा टळला. टँकर उशिरा आला, असं सगळ्यांना सांगितलं.

काही वर्षांनी अक्का गेल्याचा फोन आला तो सकाळी. आदल्या संध्याकाळी धुतलेला माझा टोप अजून ओला होता, आणि ओली जाळी चिकटत नाही. सासूबाई म्हणाल्या, "जा तशीच." मी डोक्यावरून पदर घेतला आणि नांदेडची बस धरली. सगळा रस्ता मी पदर धरून होते.

लिंगायत रीतीप्रमाणे अक्कांना भिंतीशी बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार. मला ते बघवेना. मी बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. त्यांतली एकही ओळखीची नव्हती. शेजारच्या वयस्कर बाईनं माझा कपाळापाशी घट्ट धरलेला पदर बघितला आणि हळूच विचारलं, "तुमचा वार कोणता?"

टोपासाठी येणाऱ्या प्रत्येकीला अक्कांनी वेगळा वार दिला होता, एकीची दुसरीशी गाठ पडू नये म्हणून. मी म्हणाले, "शुक्रवार." ती म्हणाली, "माझा सोमवार." पुढच्या दोघी वळल्या. त्यांतली एक बुधवारची होती.

खोलीत उकडत होतं. मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.