भोक न पाडता

माझ्या सासऱ्यांना माणसं मोडलेली चालायची, वस्तू नाही. इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या त्यांच्या घरात जिन्याखाली एक पोलादी कपाट होतं आणि त्यात महायुद्धातली, ब्रिटिश फौजेची एक रायफल. गोळी आत सारणाऱ्या बोल्टवर आणि नळीमागच्या लोखंडावर एकच नंबर, म्हणजे भाग सगळे मूळचे. कपाटाची किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही हाती लागता कामा नये असा इथला नियम आहे. हा नियम त्यांना फार आवडायचा. बाकीच्या नियमांबद्दल त्यांच्या तोंडून मी चांगला शब्द ऐकलेला नाही.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती रायफल हॉलमध्ये यायची. गावातली तीन-चार मराठी कुटुंबं जमायची. झेंडू मिळायचा नाही म्हणून सुपरमार्केटातली शेवंती. हळदकुंकू मात्र कपाटाच्या दाराला, कारण रायफलच्या लाकडावर डाग पडला असता. आरती झाली की सासरे बोल्ट काढून ठेवायचे, रिकामी रायफल खांद्याला लावून खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे आणि कुणाला तरी नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायला सांगायचे. मग चाप ओढायचे. नाणं जागचं हलायचं नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि सासरे माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणायचे, "आमच्या चिरंजीवांच्या हातात नाणं सोडा, पेरू टिकणार नाही."

सगळे हसायचे. नवरा आठ-नऊ वर्षांचा असताना त्याच्याकडून हे करून घेतलं होतं आणि नाणं पडलं होतं, तेव्हापासूनचं हे वाक्य. तो इथेच जन्मलेला, चाळिशीला आलेला, पण बापासमोर चहाचा कप उचलताना त्याचा हात अजून थरथरायचा. मला ते बघवायचं नाही. आणि हसणाऱ्यांचा तर मला संताप यायचा.

दोन हजार सालानंतर सासऱ्यांचा नेम बिघडायला लागला. शूटिंग क्लबमध्ये त्यांच्या गोळ्या कागदाबाहेर जाऊ लागल्या. रेंज सांभाळणाऱ्या इंग्रज गृहस्थाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे असंच राहिलं तर पुढच्या सीझनला शूट करू देता येणार नाही. सासऱ्यांना त्या क्लबशिवाय दुसरं जगच नव्हतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मित्र त्यांनी एकेक करून तोडले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता, म्हणून त्यांनी निदान केलं: नळीच्या टोकाची माशी, नेम धरायची खूण, दिसत नाही. उपाय, दुर्बीण.

"पण माझ्या रायफलला एक भोक पाडायचं नाही," ते मला म्हणाले. "ड्रिल लागलं की व्हॅल्यू झीरो. तू पुण्याला तेच करायचीस ना, जिग आणि फिक्श्चर? का नुसतंच सर्टिफिकेट आहे?"

मी पुण्यात तेच करायचे आणि इथेही तेच करते. एखादी वस्तू न दुखावता घट्ट कशी धरायची, हा माझा धंदा. या रायफलची मागची साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, एका पिनवर बसवलेली असते. ती पिन पितळेच्या पंचने हलकेच बाहेर ठोकायची, साइट काढायची आणि त्याच मूळच्या भोकात माउंटचं, म्हणजे दुर्बिणीच्या बैठकीचं, एक टोक अडकवायचं. दुसरं टोक पुढे बोल्टवरून आडव्या गेलेल्या लोखंडी पुलाला चिमट्यासारखं धरतं. तयार आणलेला माउंट किंचित डुलत होता, म्हणून मी पितळेच्या पातळ पट्ट्या घासून खाली सरकवल्या. दुर्बीण उंच बसते आणि गाल टेकत नाही, म्हणून दस्त्याला फोमची गादी पट्ट्याने बांधली. काढलेले भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. सासरे सगळा वेळ समोर बसून माझ्या हातांकडे बघत होते. काम चांगलं झालं होतं, आणि त्यांनी तसं म्हटलं नाही.

दुर्बीण मात्र त्यांनी स्वतः निवडली. मी चार पटीची साधी सुचवली होती. "स्वस्तातलं सुचवू नकोस," म्हणाले, आणि चोवीस पटीपर्यंत जाणारी आणली. टीव्ही घेतानाही त्यांचा हाच न्याय होता, आकडा मोठा तो चांगला.

क्लबच्या गेस्ट डेला मी स्क्रू बघायला म्हणून सोबत गेले. सासरे पालथे झोपले. नळीखाली वाळूची पिशवी घ्यायला नकार दिला, ती नवशिक्यांसाठी. आकडा चोवीसवर फिरवला आणि डोळा लावला. मोतीबिंदूच्या डोळ्यालाही दिसावं इतकं चित्र मोठं होतं. गोळी काही सुटेना.

"काच हलतेय," ते म्हणाले. "माउंट लूज आहे तुझं."

मी सगळे स्क्रू तपासले. घट्ट होते. मग तो इंग्रज गृहस्थ मदतीला आला. त्याने रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, आत बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "No, no, steady as a rock. Lovely bit of work, this."

सासरे पुन्हा झोपले, पिशवी काढून. या वेळी मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं; ते कापत होतं. दोष डोळ्याचा नव्हताच. उघड्या डोळ्याला जे त्यांनी दिसू दिलं नव्हतं, ते चोवीस पट मोठं होऊन समोर नाचत होतं. ते उठले, गुडघे झटकले. "Eye strain," म्हणाले. मला वाईट वाटलं नाही. चार पटीची घेतली असती तर कदाचित कधी कळलंही नसतं.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून दुर्बीण, माउंट सगळं उतरवून घेतलं. मी साइट बसवली, पिन परत ठोकली. रायफलवर ओरखडासुद्धा नव्हता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आरतीनंतर रायफल त्यांच्या मांडीवरच राहिली. एका काकांनी विचारलं, "काय हो, या वर्षी नाणं नाही?"

"कसलं नाणं," सासरे म्हणाले. "आमच्या सूनबाईंनी दुर्बीण बसवायला भोक पाडलं. बॅलन्सच गेला हिचा."

नाचता येईना, अंगण वाकडं, आणि अंगण म्हणजे मी. मी पर्समधून एक नाणं काढलं.

"बाबा, दाखवा ना कुठे पाडलं ते. आणि उभे राहा, मी ठेवते."

एवढ्या लोकांसमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी खिडकीकडे तोंड करून रायफल खांद्याला लावली. मी नळीच्या टोकावर नाणं ठेवलं आणि हात काढला. चापापर्यंत गोष्ट गेलीच नाही. नाणं पडलं आणि लाकडी फरशीवरून घरंगळत माझ्या नवऱ्याच्या पायापाशी गेलं.

त्याने वाकून ते उचललं. त्याचा हात स्थिर होता. बापाकडे बघून तो म्हणाला, "नाणं सोडा, पेरू टिकणार नाही."

आवाज हुबेहूब सासऱ्यांचा होता. लोक हसले, दर वर्षी हसायचे तसे, सवयीने. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि नवऱ्याचा तो चेहरा बघून मला भीती वाटली.

सासरे रायफल घेऊन जिन्याखाली गेले. कुलपाभोवती किल्ली घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. हॉलमधून कुणी उठलं नाही, कारण ती किल्ली दुसऱ्या कुणी हातात घ्यायची नसते.