बिब्ब्याचे तीन डाग

आदिलाबादची पोस्टिंग मला शिक्षा वाटली. स्वतःच्या जिल्ह्यात, एनसीसी बटालियनमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून जायला मिळणं म्हणजे कुठल्याही हवालदाराला लॉटरीच. बायको खूश. भैंशात किराणा दुकान चालवणारा थोरला भाऊ खूश. मी मात्र आतून पेटलेलो. मला घराजवळ पाठवलं नव्हतं, पायामुळे बाजूला काढलं होतं.

सिव्हिलमधल्या लोकांना हे सांगावं लागतं. मी पलटणीचा पळणारा होतो, क्रॉस-कंट्रीचा. टीममधल्या माणसाला गार्ड ड्युटी नाही, फटीग म्हणजे झाडलोट-ओझ्याची कामं नाहीत, दूध-अंडी वेगळी. त्या बदल्यात त्यानं पळायचं. डिव्हिजनच्या स्पर्धेआधी माझी उजवी नडगी दुखायला लागली. सकाळी इंजेक्शन घेतलं आणि पळालो. शेवटच्या चढावर हाड मोडलं, आवाज मलाच ऐकू आला. मग प्लास्टर, मेडिकल बोर्ड, लो कॅटेगरी आणि एनसीसी. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घरी जेवतानासुद्धा मी पाय हलवत राहतो. बायको म्हणते, ‘‘काय बाप्पा, ताटापुढं तरी निवांत बसत जा.’’ मी बसतो आणि पुन्हा पाय हलायला लागतो.

रोजचं काम साधं होतं. पहाटे कॉलेजच्या मैदानावर फॉल-इन, हजेरी, पीटी, ड्रिल, मग ऑफिस. कॅडेटांमध्ये चार-पाच पोरं पळणारी होती आणि एक खरा पळणारा होता. गंगाधर. मुधोळकडच्या खेड्यातला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बाप लहानपणीच गेलेला. आई अनसाबाई वांगी-टमाटे पिकवून भैंशाच्या बाजारात विकायची. हाडकुळा गडी, पण शहराबाहेर मावल्याच्या तलावापर्यंत जाऊन परत यायचा तेव्हा श्वास जागेवर असायचा. त्या हंगामात त्यानं जिल्हा मारला, इंटर-कॉलेज मारलं, युनिव्हर्सिटीची स्पर्धा मारली. पुढं आंतरविद्यापीठ क्रॉस-कंट्री होती. तिथं सर्व्हिसेसच्या टीमचे निवडणारे येणार होते. पहिल्या काहींत आला की खेळाच्या कोट्यातून थेट फौजेत. गंगाधरला तेवढं एकच दिसत होतं.

मला दुसरंच दिसत होतं. पळून आल्यावर सगळी पोरं बूट-मोजे काढून गवतावर लोळायची. हा गुडघ्यापर्यंत मोजे ओढून बसायचा. चालताना डावा पाय टेकवायचा तोही जपून. एके दिवशी मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

‘‘गंगाधर. मोजे खाली.’’

‘‘थंडी हाये, उस्ताद.’’

‘‘घामानं निथळून राह्यला अन् थंडी? मोजे खाली!’’

त्यानं उजवा मोजा खाली केला. मी डाव्याकडं बोट दाखवलं. मग डावाही केला. डाव्या नडगीवर, आतल्या बाजूला, एकाखाली एक असे तीन डाग. रुपयाएवढे, काळे. तिसरा अजून ओला होता.

आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला हे डाग ओळखायला डॉक्टर लागत नाही. बिब्ब्याचे चटके ते. बिब्बा तापवला की त्याचं तेल निघतं, कातडीला लागलं की जाळतं, डाग जन्मभर जात नाही. पाठ धरली, गुडघा धरला, दे बिब्ब्याचा चटका. माझ्याही पोटावर एक आहे.

‘‘कोणी दिले?’’

‘‘मायनं.’’

‘‘तीन काऊन?’’

तो खाली बघत म्हणाला, ‘‘एक जिल्ह्याच्या येळेस, एक इंटर-कॉलेजच्या, एक युनिव्हर्सिटीच्या. वरून आग झाली की आतलं दुखणं समजत नाई, उस्ताद. पळता येते.’’

माझं डोकंच सणकलं. ‘‘अबे, अक्कल गहाण टाकली का बे? एका पायावर उड्या मार. डाव्या.’’

दोन मारल्या. तिसरीला खाली बसला. मी डागांच्या मधोमध अंगठा दाबला. ओरडला नाही, पण तोंडाचा रंग उतरला. मला काही विचारायची गरज राहिली नाही, माझी नडगी याच जागी मोडली होती.

त्याच दिवशी त्याला स्कूटरवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता, भला माणूस. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाला, ‘‘केसासारखा तडा आहे. दोन महिने पळणं बंद केलं तर सांधेल. पळाला तर मोडेल.’’

स्पर्धा तीन आठवड्यांवर होती.

कॉलेजचे पीडी सर, म्हणजे खेळाचे शिक्षक, तेलुगू, पळणाऱ्या पोरांवर जीव टाकणारे. कॉलेजचा गडी पहिल्यांदाच एवढ्या लांब चालला होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘एम् कादु, हवालदारगारू. काही होत नाही. पट्टी बांधून पळेल. एकदा सिलेक्शन झालं की मग आरामच आराम.’’

‘‘सर, मीपण हेच म्हटलं होतं.’’

‘‘सगळ्यांचं हाड मोडत नाही.’’

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. किती तरी जण दुखऱ्या पायानं पळून जिंकले आहेत, मी स्वतः पाहिलेत. मी रात्रभर कूस बदलत राहिलो. यादीतून नाव काढायला लावणं माझ्या हातात होतं. पण हुकमानं थांबवलेला पळणारा चोरून पळतो, हे मला माझ्यावरून माहीत होतं.

रविवारी गंगाधरला घेऊन त्याच्या गावी गेलो. अनसाबाई घराला लागून असलेल्या मळ्यात होती, वांगी तोडत होती. मी बाजेवरही बसलो नाही, उभ्या उभ्याच सुरू झालो.

‘‘बाई, लेकराचं हाड तडकलं आणि तुम्ही वरून भाजून राह्यल्या! काय म्हणावं तुम्हाला? मारता का त्याला?’’

तिनं टोपली खाली ठेवली. पदरानं हात पुसले. ‘‘तुमी रागवा जी, तुमचा हक आहे. पन मी काय करू? तो झोपेत कन्हते. चटका देल्ला तवा वरडला नाई. पळनं सोड म्हनलं तवा वरडला.’’

ती घरात गेली आणि एक चिंधी आणून माझ्यासमोर सोडली. त्यात एक बिब्बा होता.

‘‘चवथा मांगून राह्यला तो. सोमवारी देतो म्हनलं व्हतं. आता तुमीच सांगा दादा, देऊ का नको?’’

गंगाधर मधेच म्हणाला, ‘‘दे माय. उस्तादाले काय इचारतं? पाय माहा आहे.’’

तेव्हा मी बाजेवर बसलो, पँट वर केली आणि माझी नडगी दाखवली. हाड जिथं वाकडं जुळलं तिथं हात लावून बघ म्हटलं. त्यानं लावला. मी सांगितलं ते एवढंच. मी इंजेक्शन घेऊन पळालो. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मलाच हौस होती. आमच्या टीमला ट्रॉफी मिळाली. ट्रॉफी पलटणीच्या क्वार्टर गार्डमध्ये आहे आणि मी इथं पोरांची हजेरी घेतो. आता मी बसमागंसुद्धा पळू शकत नाही.

‘‘मी हुकूम देणार नाही,’’ मी म्हणालो. ‘‘परवाच्या फॉल-इनला ठरवून ये. पळायचं असेल तर बूट घालून ये. मी तुला अडवणार नाही, उलट तयारी करून घेईन.’’

‘‘अन् नाई पळलो तर? परत चान्स येईन का?’’

‘‘सांगता येत नाही.’’

खोटं बोललो असतो तर त्याला बरं वाटलं असतं. पण मला ते जमलं नाही. परत निघताना अनसाबाईनं माझ्या पिशवीत वांगी कोंबली, नको म्हटलं तरी.

त्या मंगळवारी मी वेळेच्या आधी मैदानावर गेलो. धुकं होतं. एक फेरी चाललो, दुसरी चाललो. पोरं येत गेली. सगळ्यांत शेवटी गंगाधर आला. पायात चपला होत्या.

‘‘कॅडेट गंगाधर हजर, उस्ताद.’’

‘‘रांगेच्या बाहेर बस. पोरांचा टाइम घे.’’ मी त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि पाठ फिरवली. माझे डोळे भरले होते, ते पोरांना दिसू द्यायचे नव्हते.

आमची टीम त्याच्याविना गेली आणि हात हलवत परत आली. पीडी सर माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. गंगाधरही नाही. तो मैदानाच्या कडेनं येरझारा घालायचा, पिंजऱ्यातल्या जनावरासारखा. मी लांबून बघायचो. आम्ही दोघंही तिथं नुसते चालत असायचो, मधे सगळं मैदान.

हाड सांधलं. पण पुढच्या वर्षी खेळाच्या कोट्याचं काही जमलं नाही. तो साध्या भरतीला उभा राहिला. भरतीच्या धावण्यात असा पळाला की दुसरा पोरगा बराच मागं होता. शिपाई म्हणून भरती झाला. जाताना मात्र घरी आला, बायकोच्या हातची पुरणपोळी खाऊन गेला. पलटणीत वर्षभरात त्याला क्रॉस-कंट्री टीमनं उचललं. हे ऐकलं त्या दिवशी मी भैंशाच्या बाजारात अनसाबाईला शोधून पेढे दिले. तिनं सगळ्या भाजीवाल्यांना वाटले.

मी पेन्शनवर आलो आणि भावाच्या किराणा दुकानात बसायला लागलो. एकदा तो सुटीवर आला, दुकानात माझ्यासमोर बसला. लान्स नायक झाला होता, भरला होता. बोलता बोलता डावी नडगी चोळत होता.

‘‘दुखते?’’

‘‘त्याच जागी. टीमचे साहेब म्हनतेत सुई घे अन् पळ. सुई म्हनजे बिब्बाच की, उस्ताद.’’

‘‘मग?’’

‘‘पलटन वर चालली, बर्फात. टीम खालीच राहनार. मी टीम सोडली. कंपनीसंगं जाऊन राह्यलो. तिथं चालायचं काम. चालायले पाय चांगला आहे.’’

पाय वाचव हे मीच शिकवलं होतं. त्यानं ते नीट शिकून घेतलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘‘मोजे कोरडे ठेव.’’ बर्फात जाणाऱ्याला हेच सांगायचं असतं.

तो हिवाळा संपत आला असताना एमआरओचा, म्हणजे तहसील ऑफिसचा माणूस दुकानात आला. गस्तीवर असताना सुरुंग फुटला होता. लान्स नायक गंगाधर आणि आणखी एक जवान गेले. हैदराबादहून गाडी निघाली आहे, घरी मराठीत सांगणारं फौजी माणूस पाहिजे. मी शटर ओढलं आणि निघालो. ते सांगणं कसं सांगितलं हे मी इथं लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. एस्कॉर्टचा नायब सुबेदार राजस्थानचा होता. पेटी झेंड्यात गुंडाळलेली. सगळं गाव, मुधोळपासूनची माणसं, पोलीस. चिता रचलेली. नायब सुबेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘बक्सा नहीं खुलेगा, हवलदार साब. ऑर्डर है. चेहरा नहीं है.’’

अनसाबाईला कोणी तरी सांगितलं, तोंड पाहता येणार नाही. ती रडत होती ती थांबली. सरळ चितेपाशी जाऊन उभी राहिली.

‘‘पाह्यल्याबिगर मी अगीन लावू देनार नाई. दुसऱ्या मायचं लेकरू असंन तर? तिचं मी जाळू अन् माहं तिकडं बर्फात पडून राहू देऊ?’’

एमआरओ साहेबांनी समजावलं, सरपंचानं समजावलं. ती हलली नाही. मग माझ्याकडे वळली. ‘‘दादा, तोंड नको. पाय दाखव. डावा.’’

मी नायब सुबेदाराला सांगितलं. बिब्बा, डाग, सगळं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत. त्यानं टोपी नीट केली आणि म्हणाला, ‘‘माँ का हक है. पैरों की तरफ से खोलो.’’

चार जवानांनी पाठमोरं उभं राहून आडोसा केला. पायाकडची फळी काढली. पाय शाबूत होते. डाव्या पायात लोकरीचा फौजी मोजा, गुडघ्यापर्यंत ओढलेला. त्याची सवयच तशी. एवढ्या वर्षांपूर्वी मैदानावर मी ज्याला हुकूम दिला होता, त्याचा मोजा आता मी माझ्या हातानं खाली केला. लोकर घट्ट बसली होती, मोजा निघता निघेना.

तीन डाग होते. एकाखाली एक. चौथा नव्हता.

अनसाबाई वाकली. प्रत्येक डागावर बोट ठेवलं. ‘‘माहाच हाये,’’ ती म्हणाली. ‘‘माहाच हाये, दादा. मीच भाजलं त्याले.’’

‘‘बाई, तुम्ही भाजलं म्हणून तर तो सापडला,’’ मी म्हणालो.

तिनं पायावरून एकदा हात फिरवला. मग उठली, डोळे पुसले आणि आजूबाजूच्या माणसांकडं पाहिलं.

‘‘मोजा वर कर, दादा. डाग लोकायले दिसलेले त्याले आवडत नाई.’’

मी मोजा गुडघ्यापर्यंत ओढला, नीट, एकही सुरकुती न ठेवता. मग पेटी बंद केली.