विमलावहिनींचं गोड बोट

महिपत शिगवण लोट्याला रसायनांच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचा आणि घरी बायको. दोन्हींपैकी कुणाचंही प्रेशर चढलं तरी घाम त्यालाच फुटायचा. आम्ही शेजारी. मधे फक्त एक पडका गडगा, त्यामुळे त्यांचं भांडण आम्हाला निम्मं तरी फुकट ऐकायला मिळे.

त्याच्या बायकोला, विमलावहिनींना, साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. ‘टोचण्याआधी रक्त तपासत जा,’ असं खेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण एसटीने खेडला जाऊन रिपोर्ट हातात पडेपर्यंत रक्तातली साखर कुठल्या कुठे गेलेली असायची. शेवटी वहिनींच्या भावाने, बोटीवरच्या दादूने, सिंगापूरहून घरी रक्त तपासायचं यंत्र आणलं. पानाच्या डब्याएवढं. दादूचे पैसे फेडायला महिपतने दारच्या हापूस कलमांचं पीक मोहोरातच व्यापाऱ्याला विकलं. “साखर मोजायला आंबे विकणारा तू पहिलाच,” असं मी म्हणालो, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

कारखान्याने कामगारांचा विमा उतरवला होता. महिपत बिल घेऊन ऑफिसात गेला. विम्याचं बघणारे साहेब म्हणाले, “यंत्र ही सोय झाली. औषध नव्हे. आज यंत्राचे दिले तर उद्या पंख्याचे मागाल.”

“आणि पट्ट्यांचे, साहेब? प्रत्येक वेळी एक नवी पट्टी लागते.”

“वर्षाला एक डबी. तीही निम्मी.”

“निम्मी म्हंजे? अर्ध्या पट्ट्या का अर्धी बायको?”

साहेबांना हसू आलं नाही. पट्ट्या मुंबईहून मागवाव्या लागत आणि त्यांची किंमत ऐकून पोस्टमनही चुकचुकायचा. तेव्हापासून ती डबी महिपतच्या कपाटात, गणपतीच्या चांदीच्या दुर्वांशेजारी, कुलपात. रोज दोनदा व्हायची ती तपासणी आठवड्यातून एकदा होऊ लागली, आणि तीही वहिनींची उलटतपासणी घेऊन. “नक्की गरज हाय ना गो? उगाच हौस नाय ना?”

ऐन मे महिन्यातली ही गोष्ट. हापूस व्यापाऱ्याचा, पण रायवळ घरचे. दोघं सकाळपासून रस काढून ताटांत आंबापोळ्या घालत बसले होते. मी ताटं उन्हातून आत नेऊन ठेवायला मदतीला गेलो होतो. वहिनींनी सकाळची सुई घेतली होती, पण दुपारचं जेवण कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. संध्याकाळी वहिनी एकदम पायरीवर बसल्या. कपाळावर घामाचे थेंब, हात लटपटत होते.

“घाम कसला गो इतका?” महिपतने विचारलं.

“मे महिन्यात घाम नाय येणार तर काय गारठा येणार?” वहिनी खेकसल्या. एरवीही खेकसत, पण आज शब्द जड येत होते.

महिपतने कपाट उघडलं. डबीत दोनच पट्ट्या. त्याने एक काढली, वहिनींचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, घड्याळ लावून कापसाने पुसला आणि पट्टी यंत्रात सारली. आकडा आला चारशेच्या वर.

“अरे देवा! आज चढली वाटतं,” महिपत म्हणाला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आकडा तीनशेच्या वर गेला तर नेहमीच्यापेक्षा चार युनिट जास्त. त्याने उकळलेली काचेची सिरिंज काढली.

वहिनींनी टोचलेलं बोट तोंडात घातलं, रक्त वाया जाऊ नये अशा बेताने. “गोड लागतंय,” त्या पुटपुटल्या.

“बघ! यंत्र काय खोटं बोलतंय? रक्तच गोड झालंय तुझं.”

आता कोकणात साखरेच्या आजाराला सगळे ‘रक्त गोड झालं’ असंच म्हणतात. यंत्राने सांगितलं आणि जिभेनेही कबूल केलं, म्हणजे साक्षीपुराव्यानिशी सिद्धच. मीही मान डोलावली. महिपतने सिरिंजमध्ये औषध भरलं.

एवढ्यात वहिनी भिंतीला टेकल्या. डोळे आमच्याकडे होते, पण आम्हाला बघत नव्हते.

“विमला? विमला गो!”

तो पुढे झाला, आणि घाईत सुईचं टोक त्याच्याच अंगठ्याला लागलं. सवयीने त्याने अंगठा तोंडात घातला. आणि तसाच थांबला.

“माझं पण गोड लागतंय,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “मला कधी झाली साखर?”

दोघांचेही हात कोपरापर्यंत पिवळे होते. सकाळपासूनचा रस.

सिरिंज त्याने ताटात टाकली. तांब्या आणला, वहिनींचा हात खसाखसा धुतला, सुक्या फडक्याने पुसला. दुसरं बोट टोचलं. डबीतली शेवटची पट्टी त्याने काढली तेव्हा वहिनींनी कसंबसं डोकं हलवलं. “नको... ठेवा ती.”

“गप ऱ्हा!”

ते दोन मिनिटांचं थांबणं काय सांगू! तीन वेळा मीच यंत्राच्या काचेत डोकावलो. आकडा आला बेचाळीस. साखर चढली नव्हती, पार तळाला गेली होती.

त्यात ती सुई टोचली असती तर वहिनी पुन्हा उठल्याच नसत्या. महिपतने कासंडीतला रस ओंजळीनेच वहिनींच्या ओठांना लावला. अर्धा रस पदरावर, अर्धा घशात. पुन्हा ओंजळ. मग गूळ. मी नुसता “घ्या वहिनी, घ्या” करत होतो, जणू पंगतीत आग्रह करतोय.

बऱ्याच वेळाने वहिनींचे हात स्थिर झाले. त्यांनी आधी पदराकडे पाहिलं, मग रिकाम्या डबीकडे.

“दोन्ही संपवल्यात?”

“संपवल्या.”

“आता डॉक्टरना काय सांगणार? विमावाले तर वर्षभर देत नायत.”

 महिपतने सिरिंज उचलली, त्यातलं औषध अंगणात सोडून दिलं, आणि कधी नव्हे तो बायकोच्या शेजारी पायरीवर बसला. बराच वेळ तिचं मनगट हातात धरून.

“काय मोजताय?” वहिनींनी विचारलं.

“काय नाय गो,” तो म्हणाला. “फुकटात जेवढा आकडा कळतो तेवढा बघतंय.”